मॅस्कॉटचा ड्रेस घालून पार्कात काम करायचंय? होकार देण्यापासून ड्रेस वाळवण्यापर्यंतचा क्रम

सुट्ट्या लागल्या की नागपूरच्या आसपासच्या वॉटर पार्कांत, मॉलमध्ये आणि वाढदिवसाच्या हॉलवर वाघ, अस्वल, ससा होऊन फिरणारी पोरं-पोरी लागतात. काम पटकन मिळतं. अनुभव कुणी विचारत नाही, शिकवतही कुणी नाही. मग नवीन पोरगं आधी नाचाच्या स्टेप बसवतं, नंतर ड्रेस चढवतं आणि पाण्याचा विचार करतं तो चक्कर आल्यावर. हा क्रम उलटा आहे. आधी शरीर, मग सोबतचा माणूस, मग ड्रेस, आणि अभिनय सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळला तर पुढचा कोसळतो.

१. होकार देण्याआधी काय विचारायचं

फोनवर पैशांचा आकडा ऐकून "येतो भाऊ" म्हणू नका. आधी एवढं विचारा: काम उघड्यावर आहे की एसीत? वेळ कोणती? एका वेळी किती मिनिटं ड्रेसमध्ये राहायचं? सोबत हँडलर, म्हणजे ड्रेसच्या बाहेर राहून तुम्हाला सांभाळणारा माणूस, कोण? ड्रेस बदलायला बंद खोली आहे का, आणि तिथे पंखा किंवा कूलर आहे का? ड्रेस फाटला तर पैसे कुणाच्या खिशातून जाणार?

शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, म्हणून तो राहतो. मग कुणीतरी शेपटी ओढून तोडतं आणि कापले जातात तुमचे पैसे. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरून "ओके" आलं की मगच तारीख धरा.

"हँडलर नाही, पण सिक्युरिटीवाले असतात" असं उत्तर आलं तर काम घेऊ नका. गार्ड गेटकडे बघतो, तुमच्याकडे बघायला त्याला वेळ नसतो. मला या बाबतीत सूट देण्याजोगी एकही परिस्थिती दिसत नाही, अगदी अर्ध्या तासाच्या वाढदिवसालाही नाही.

पार्क शहराबाहेर असेल, उदाहरणार्थ अमरावती रोडवरच्या फन अँड फूड व्हिलेजसारखा, तर येण्या-जाण्याचं आधीच ठरवून घ्या. दिवसभर ड्रेसमध्ये घाम गाळलेल्या माणसाने संध्याकाळी हायवेवर एकट्याने गाडी हाणत घरी येणं धोक्याचं आहे.

२. हे काम कुणी करू नये

दमा, हृदयाचा आजार, फिट येणं, बंद जागेत घाबरं होणं, गरोदरपण: यातलं काही असेल तर ड्रेसच्या बाहेरचं काम मागा. हँडलरचं काम तितकंच महत्त्वाचं आहे.

विदर्भात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या पट्ट्यात तो बराच आहे. शरीरातलं पाणी कमी होणं आणि फार दमणं, या दोन्हींनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि ड्रेसमध्ये या दोन्ही गोष्टी होतातच. नुसता वाहक असलेल्यालाही कडक उष्णतेत जोराचं काम करताना धोका असतो. सरकारी रुग्णालयात याची रक्ततपासणी होते. आयुष्यात एकदा करून घ्या आणि निकाल लक्षात ठेवा.

गोळ्यांचंही तसंच. बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही औषधं आणि मानसिक आजारावरची काही औषधं यांनी शरीराची स्वतःला थंड ठेवायची ताकद कमी होते. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना कामाबद्दल सांगा.

> तपासा: काल ताप होता? जुलाब झाले? रात्री दारू घेतली? झोप चार तासांचीच झाली? यातल्या एकालाही "हो" असेल तर आज ड्रेस नाही.

३. उन्हाची सवय: दोन आठवडे आधीपासून

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मार्च-एप्रिलभर पोरगं कॉलेजच्या वर्गात किंवा घरी कूलरसमोर, आणि मेमध्ये थेट ड्रेसमध्ये. नागपुरात मे महिन्यात ४२-४३ अंश हा नेहमीचा आकडा आहे, आणि २३ मे २०१३ ला तर पारा ४७.९ वर गेला होता. हे आकडे सावलीतले असतात. पार्काच्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याहून जास्त सोसावं लागतं.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं आणि हृदयाचे ठोके फार वाढत नाहीत. उष्णतेत काम करणाऱ्या नव्या माणसाबद्दल अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेचा सल्ला सोपा आहे: पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि पुढे रोज २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको. म्हणजे पूर्ण शिफ्टमध्ये ड्रेसमधला वेळ दोन तास धरला, तर पहिल्या दिवशी जास्तीत जास्त २४ मिनिटं, तीही तुकड्या-तुकड्यांनी. मॅनेजर कुरकुरेल. त्याला सांगा की पाचव्या दिवसापासून पूर्ण वेळ मिळेल, आणि पहिल्याच दिवशी माणूस पडला तर पूर्ण सीझनभर मिळणार नाही.

काम सुरू होण्याआधी घरच्या घरी करायचं ते असं: रोज संध्याकाळी उन्हं कलल्यावर अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, आठवड्याभराने अंगात जाड जॅकेट घालून तेच चालणं. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर जा, पण एकटे जाऊ नका, पाणी जवळ ठेवा. आठवडाभर सुट्टी घेऊन परत आलात तर सवय बरीच उतरलेली असते, तेव्हा पुन्हा कमी वेळापासून सुरुवात करा.

४. ड्रेसची तपासणी, आदल्या दिवशी

ड्रेस पहिल्यांदा शिफ्टच्या दिवशी बघायचा नाही. आदल्या दिवशी जाऊन, सगळा घालून, पाच मिनिटं चालून बघायचा.

मुखवट्यापासून सुरू करा. तो डोक्यावर ठेवून मान हलवा. तो तुमच्या मानेबरोबर फिरला पाहिजे, आत तुमची मान फिरते आणि वाघ समोरच बघतोय असं नको. ढिला असेल तर आतून फोमचे तुकडे लावून घ्या. बाहेरून पट्टी बांधून चालत नाही. तोंडाजवळची आणि डोळ्यांची जाळी स्वच्छ आहे का बघा. जुन्या ड्रेसमध्ये जाळीवर धूळ आणि घाम यांचा थर बसतो, मग हवाही अडते आणि दिसतही नाही. आतला छोटा पंखा चालू करून हनुवटीवर वारा लागतो का ते पाहा. पंख्याचा पॉवर बँक अंगाला चिकटून ठेवू नका, बाहेरच्या खिशात ठेवा. तापायला लागला की बंद करा. आणि पंख्यावर फार विश्वास टाकू नका, आतली ओली हवा बाहेर काढण्यापुरताच त्याचा उपयोग.

मग चेन. ती पाठीवर असते, म्हणजे आतल्या माणसाला स्वतः उघडता येत नाही. चेनच्या टोकाला हातभर लांब मजबूत नाडी बांधा आणि ती फरमध्ये लपवा. ड्रेस घातलेल्या अवस्थेत ती ओढून स्वतः चेन उघडून बघा. दहा रुपयांची नाडी आहे, पण जवळजवळ कुठल्याच ड्रेसला दिसत नाही.

पायांचे तळ बघा. फोमचे मोठे पाय कोरड्या फरशीवर बरे चालतात. ओल्या फरशीवर साबणासारखे घसरतात. तळाला रबरी सोल नसेल तर चांभाराकडून लावून घ्या.

> सावधान: वॉटर पार्कमध्ये तलावाच्या किंवा पूलच्या काठाजवळ जायचं नाही. फर आणि फोम पाणी पितात. भिजलेल्या ड्रेसमध्ये, मुखवटा डोक्यावर असताना, कमरेएवढ्या पाण्यातही माणसाला उठता येत नाही. निदान दहा-बारा पावलं अंतर आणि पाण्याच्या बाजूला हँडलर, असंच चालायचं. रेनडान्समध्येही जायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

हवा भरून फुगणारे ड्रेस हलके असतात, म्हणून लोकांना सोपे वाटतात. त्यांचा ब्लोअर बंद पडला की कापड तोंडावर बसतं. सेल नवे टाका आणि जास्तीचे सेल हँडलरच्या खिशात असू द्या.

५. हँडलरशी खुणा पक्क्या करा

तुम्ही बोलणार नाही, तुमचा चेहरा दिसणार नाही. आत काय चाललंय हे बाहेर कळायचा एकच मार्ग म्हणजे ठरवलेल्या खुणा. तीनच ठेवा, जास्त ठेवल्या तर घाईत विसरतात.

पोटावर दोनदा थाप: पाणी हवं, दोन मिनिटांत आत ने. दोन्ही पंजे डोक्यावर: आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. दोन्ही मनगटं छातीसमोर फुली करून: समोरचा माणूस त्रास देतोय. अंगठा दाखवण्याची खूण ठेवू नका, जाड पंज्यात अंगठा दिसत नाही.

दुसऱ्या बाजूनेही विचारणं हवं. दर तीन-चार मिनिटांनी हँडलरने तुमचा पंजा दाबायचा, तुम्ही दोनदा उलट दाबायचं. दोनदा दाबूनही उत्तर नाही, किंवा भलतंच उत्तर आलं, तर हँडलरने विचारत बसायचं नाही. सरळ घेऊन जायचं. ऊन लागत असलेल्या माणसाला आपल्याला ऊन लागतंय हे बरेचदा कळत नाही, म्हणून निर्णय बाहेरच्याचा.

हँडलरकडे काय असावं: पाणी, स्ट्रॉ, घड्याळ, मोठी कात्री, ओला टॉवेल, ओढण्या किंवा चादर, आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर. पार्क कुठल्या बाजूला आहे त्यावर मेडिकल, मेयो की मिहानमधलं एम्स, यांपैकी कुठलं सरकारी रुग्णालय जवळ, हे आधीच पाहून ठेवा.

हँडलर म्हणून भित्रा किंवा फार लाजरा माणूस घेऊ नका. त्याला मोठ्या घोळक्याला "एका वेळी एकच पोरगं, बाप्पा, बाकीचे मागे व्हा" असं हसत पण ठणकावून सांगता आलं पाहिजे.

६. शिफ्टच्या सकाळी

पाणी आदल्या संध्याकाळपासून. सकाळी उठल्यावर लघवीचा रंग बघा: फिकट पिवळा असेल तर ठीक, गर्द असेल तर अजून पाणी हवं.

नाश्ता दोन तास आधी आणि हलका. पार्काच्या वाटेवर गाडी थांबवून तर्री पोहे हाणायची इच्छा सगळ्यांना होते. तो तिखट तवंग, तो ढेकर, आणि वर बंद मुखवटा: पहिल्या दहा मिनिटांत मळमळायला लागतं. साधे पोहे, उपमा, केळं, दही-भात चालेल. चहा-कॉफी एक कप पुरे.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांशी स्पष्ट बोलतो. तोंडात खर्रा ठेवून मुखवटा घालायचा नाही, शिफ्टच्या आधी तासभरही नाही. थुंकायला जागा नसते, ठसका लागला तर काढायला वेळ लागतो, तंबाखूने ठोके आणखी वाढतात, आणि तोच मुखवटा तुमच्यानंतर दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. खर्रा सुटत नसेल तर हे काम तुमच्यासाठी नाही.

ओआरएसबद्दल एक नेहमीची चूक. नेहमीची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, लोक ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. द्रावण जास्त दाट झालं की तहान वाढते आणि पोट बिघडतं. विकत घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का बघा. फळांच्या चवीचं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ घातलेलं ताक आणि कैरीचं पन्हंही उत्तम, पन्ह्यात गूळ जरा कमी घाला.

७. ड्रेस चढवण्याचा क्रम

१. आधी बाथरूम. ड्रेस चढल्यावर शक्य नाही.

२. अंगाला सुती किंवा घाम शोषणारं पातळ कापड, पूर्ण बाह्या आणि पूर्ण पाय. फर उघड्या कातडीला लागली तर घासते. हे आतले कपडे स्वतःचे आणि निदान तीन जोड, दर विश्रांतीला बदलायला. ओला बनियन घालून परत आत जायचं नाही.

३. डोक्याला स्वतःची सुती टोपी, जी कपाळ आणि कान झाकते. बाइकवर घालतो तो पातळ फेसमास्कही चालतो. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला तर पुसता येत नाही, आणि त्या जळजळीत समोरचं काहीच दिसत नाही. टोपी त्यासाठीच आहे. चष्मा असेल तर मागून दोरी लावा.

४. बर्फाच्या पिशव्यांचं जॅकेट असेल तर आतल्या कपड्यांवरून. बर्फ थेट कातडीला लावू नका.

५. ड्रेसचं अंग, चेन, मग पाय.

६. हँडलरकडून शेवटचं पाणी, एक ग्लासभर.

७. मुखवटा.

८. सगळ्यात शेवटी पंजे. बहुतेक जण पंजे आधी घालतात आणि मग मुखवट्याचा पट्टा लावता येत नाही म्हणून तो ढिलाच राहतो. उतरवताना पंजे सगळ्यात आधी निघतात, म्हणजे वेळ आली तर तुमची बोटं मोकळी असतात आणि मुखवटा स्वतः काढता येतो.

> तपासा: दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी हँडलरने तुमच्याभोवती एक फेरी मारून बघायचं. मान आणि मनगटाजवळ कातडी दिसते का, चेनची नाडी हाताला लागते का, पंखा चालू आहे का. मग पंजा दाबून एकदा खूण.

८. गर्दीत: वाघ बघतोय की तुम्ही बघताय?

आता अभिनय. सगळ्यात मोठी अडचण ऐकायला छोटी वाटते. मुखवट्याचे डोळे जिथे असतात तिथे तुमचे डोळे नसतात. बऱ्याच ड्रेसमध्ये तुम्ही वाघाच्या जबड्यातल्या काळ्या जाळीतून बघता. समोर चार वर्षांचं मूल उभं आहे, तुम्हाला ते नीट दिसावं म्हणून तुम्ही मान जरा वर ठेवता, आणि बाहेरून दिसतं असं की वाघ मुलाच्या डोक्यावरून आभाळाकडे बघतोय. मूल गोंधळतं. वाघाची नजर मुलाशी जुळवायची तर मुखवटा खाली झुकवावा लागतो, आणि तसं केलं की तुम्हाला फक्त स्वतःचे पाय आणि मुलाच्या चपला दिसतात.

यावर उपाय सरावाचाच. मोठ्या आरशासमोर मुखवटा घालून उभे राहा आणि मित्राला समोर उभं करा. मित्राला "वाघ माझ्याकडे बघतोय" असं वाटतं ती मानेची स्थिती शोधा, आणि त्या वेळी जाळीतून तुम्हाला काय दिसतं ते लक्षात ठेवा. लहान मुलासाठी एक, उभ्या मोठ्या माणसासाठी एक आणि मोबाइल कॅमेऱ्यासाठी एक, अशा तीन स्थिती अंगवळणी पडल्या की अर्धं काम झालं. दुसऱ्या कुठल्याही स्टेपपेक्षा यावर वेळ घालवा.

चेहरा बदलत नाही म्हणून भाव सगळ्या अंगातून द्यावे लागतात. "हो" म्हणायला नुसती मान नको, कमरेपासून वाका. आश्चर्य वाटलं तर आधी पूर्ण थांबा, मग दोन्ही हात गालावर. नवीन पोरं सतत हलत राहतात. हालचालींच्या मधला थांबा नसेल तर लांबून नुसती थरथर दिसते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली नाटकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हात कसा उचलायचा ते सांगायला नको. आणि नाच कमी करा. एका गाण्यावर पूर्ण नाचलात की पुढची दहा मिनिटं गेली; चालणं, हात हलवणं आणि लाजणं यावर मुलं जास्त खूश होतात.

बोलायचं नाही. "बोल ना भाऊ, गरमी नाही होऊन राहिली का?" असं शंभर वेळा विचारतील. हात हलवा, पोट धरून हसल्यासारखं करा. शीळही नको, खाकरणंही नको.

रडणाऱ्या मुलाकडे जाऊ नका. आई-बाप पोराला तुमच्यापुढे ढकलतात, "घाबरू नको, हात लाव, हात लाव." तुम्ही दोन पावलं मागे व्हा, बाजूला वळा, खाली बसा आणि पंज्याने स्वतःचेच डोळे झाका. मग वाट बघा. मूल स्वतःहून आलं तर आलं. दोन ते चार वर्षांची मुलं ड्रेसला सर्वांत जास्त घाबरतात, आणि फोटोच्या हट्टापायी त्यांना घाबरवायला आपण तिथे नाही.

मुलाला उचलायचं नाही, कधीच नाही. तुम्हाला नीट दिसत नाही, पकड धड नसते, पाय घसरतात. मांडीवरही नाही. फोटोत तुमचे दोन्ही पंजे कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत: एक हवेत, एक मुलाच्या खांद्यामागे, खांद्याला जेमतेम लागेल इतका. यात मुलाची सुरक्षितता आहे आणि तुमचीही. कुणी काही म्हटलं तर फोटो तुमच्या बाजूने बोलतो. मोठ्या बायकांसोबतच्या फोटोतही हाच नियम.

उलटा त्रासही होतो. कॉलेजच्या पोरांचं टोळकं मागून मुखवट्यावर टपली मारतं, शेपटी ओढतं. ड्रेसमध्ये मुलगी आहे हे कळलं तर काही जण मिठीच्या नावाखाली नको तिथे हात लावतात. फुली करा आणि भिंतीकडे पाठ करून उभे राहा. पुढचं हँडलरने बघायचं. "गंमत होती" हे कारण ऐकून घ्यायचं नाही. हात लावणाऱ्याला पार्काबाहेर काढायला लावा, आणि मुलीने सांगितलं तर पोलिसांत तक्रार द्या. पार्काने हात झटकले तर तिथलं काम सोडा.

९. किती वेळ आत, किती वेळ बाहेर

घामामुळे थंड वाटतं ते घाम वाळला तरच. ड्रेसच्या आत हवा कोंडलेली, दमट. घाम सुटतो आणि तसाच राहतो. म्हणूनच मे महिन्यात झकास चालणारा आपला कूलर जुलैत नुसता ओला वारा फेकतो. ड्रेसच्या आत बारा महिने जुलै असतो. बाहेर ३२ अंश आहेत म्हणून पावसाळ्यात निर्धास्त होणारे लोक यात फसतात: आकडा उतरतो, पण दमटपणामुळे विश्रांतीच्या वेळीही अंग लवकर निवत नाही.

मी पाळतो तो हिशोब असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: अर्धा तास आत, अर्धा तास बाहेर. मार्च, आणि जून अखेर ते ऑक्टोबर: वीस मिनिटं आत, चाळीस बाहेर. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, दहा ते पंधरा मिनिटं आत आणि बाकी तास बाहेर. सावलीत पारा ४० च्या वर असेल तर उघड्यावर नाही, फक्त एसीच्या जागेत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, उघड्यावरचं काम घेतच नाही. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे पार्कांचा सीझन नेमका या काळातच भरात असतो आणि दबाव येतो. तरीही.

घड्याळ मुखवटा चढल्यापासून सुरू होतं, गर्दीत पोचल्यापासून नाही. खोलीपासून गर्दीपर्यंत चार मिनिटं चालावं लागत असेल तर जाऊन-येऊन आठ मिनिटं त्याच वेळेतून गेली. खोली जवळ मागा.

विश्रांतीत नुसता मुखवटा काढून खुर्चीवर बसणं ही चूक जवळजवळ सगळेच करतात. निदान कमरेपर्यंत ड्रेस उतरवा. बनियन बदला, ओला टॉवेल मानेवर, कूलरसमोर बसा. पाणी घोट-घोट, एकदम गटागट नको, आणि तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर प्यालात तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही घातक ठरतं. अधूनमधून ओआरएस किंवा ताक घ्या.

१०. ऊन लागलं तर

पोटरीत वांब, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, विनाकारण चिडचिड: लगेच आत, ड्रेस पूर्ण काढा, थंड जागा, ओआरएस. त्या दिवशी परत ड्रेस नाही, अर्ध्या तासाने बरं वाटलं तरीही नाही.

बरळणं, अडखळत बोलणं, भलतीकडे चालणं, कोसळणं आणि अंग तापलेलं असणं: हा उष्माघात समजा. "अजून घाम येऊन राहिला आहे, म्हणजे उष्माघात नाही" हा गैरसमज आहे. मेहनतीने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो.

आधी मुखवटा काढा, आहे त्या जागी, पोरांसमोर. जादू टिकवायला आतपर्यंत नेऊ नका. बाकीच्यांनी ओढण्या धरून आडोसा करावा. चेन अडकली तर कात्री चालवा, ड्रेसची किंमत बघत बसू नका. एकाने १०८ ला फोन करायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने थंड करायला सुरुवात करायची: अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. टब असेल तर डोकं वर धरून थंड पाण्यात बसवा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका, ती इथे उपयोगाची नाही.

११. शिफ्ट संपल्यावर ड्रेस

ड्रेस काढून पिशवीत कोंबला की दुसऱ्या दिवशी कुबट वास, आठवड्यात बुरशी आणि दोन आठवड्यांत मानेवर गजकर्ण. मुखवटा आतून ओल्या फडक्याने पुसा, मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा आणि पंख्यासमोर पूर्ण वाळू द्या. ओल्या अल्कोहोलसकट डोक्यावर घालू नका, आणि फवारताना जवळ पेटती काडी नको. फोमचा मुखवटा पाण्यात बुडवायचा नाही.

ड्रेसचं अंग उलटं करून थंड पाणी आणि सौम्य लिक्विड साबणाने हाताने धुवा. गरम पाण्याने आणि ड्रायरने कृत्रिम फरची टोकं वितळून गोळे होतात. वाळवायचं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, कूलरच्या नको. थोडं ओलसर असताना ब्रशने लव एका दिशेने फिरवा, वाळल्यावर ती बसत नाही. फाटलं असेल तर जुळणारं फर कापड गांधीबागेच्या कापड बाजारात शोधा, पण ड्रेसचा छोटा तुकडा सोबत न्या. फोनवरच्या फोटोतला रंग दुकानातल्या रंगाशी जुळत नाही.

उन्हाळ्यात मुखवटा बंद गाडीत किंवा डिक्कीत ठेवू नका. फोमचे तुकडे ज्या डिंकाने चिकटवलेले असतात तो उष्णतेने सैल पडतो आणि नाक, कान जागेवरून सरकतात. पावसाळ्यात ड्रेस महिनाभर वापरात नसेल तरी दर आठवड्याला बाहेर काढून दिवसभर पंख्याखाली टांगा. आणि पुढच्या शिफ्टला कुणी दुसऱ्याने घातलेला ड्रेस मिळाला, तर घालण्याआधी मुखवट्यात हात घालून आतलं अस्तर चाचपून बघा. ओलं लागलं तर तो परत द्या आणि वाळलेला मागा.